बूड नसलेलं भांडं

"तीन दिवसांपासून म्हणून राहिली मी, घरीच सांगा, घरीच सांगा. तर नाही. आता इथं रांगेत उभं करून ठेवलं, अन् पायात हे चावरे सँडल."

माझी सून गोपिका माझ्या मानेमागे पुटपुटत होती. बोलत होती नवऱ्याशी, म्हणजे माझ्या मुलाशी, मधुकरशी. पण अंतर असं राखलं होतं की माझ्या कानात पुरतं उतरावं. मधुकर पुढच्या माणसाच्या स्वेटरची वीण पाहत राहिला.

आमच्यात सगळ्यांत पुढे, लग्नातला काळा कोट घालून, हे उभे होते. यांना काही ऐकू गेलं नाही. चाळीस वर्षं पितळेवर हातोडा मारल्यावर कानात काही उरत नाही. इतवारीतल्या आमच्या ओळीत भांडी घडवणारा पन्नाशीपुढचा एकही माणूस असा नाही, ज्याला हाक ऐकू येते. त्यामुळे आमच्या ओळीतल्या बायका भांडखोर म्हणून सगळ्या नागपुरात नावाजलेल्या. आम्ही भांडत नसतो, जेवायला बोलावत असतो.

यांना जे सांगायचं राहिलं होतं त्याची सुरुवात मागच्या पावसाळ्यात झाली. तेव्हा ते स्कायलॅब आभाळातून पडणार म्हणून लोक घाबरले होते. आमच्या ओळीत भीतीपेक्षा आशाच जास्त होती. हे म्हणाले होते, "पडलंच तर इतवारीत पडो. मोठं भांडं आहे, निदान पत्रा तरी कामाचा असंन." ते दूर कुठे समुद्राकडे पडलं आणि दोन आठवड्यांनी चंपतराव आमच्या दुकानात आले.

चंपतराव म्हणजे निवृत्त विज्ञानमास्तर. त्यांच्या मंडळानं सिव्हिल लाइन्समधला एक जुना बंगला घेतला होता आणि तिथे माणूस आभाळात कसा कसा गेला, त्याचं दालन उघडायचं होतं. त्यांनी पोस्टकार्डाएवढं एक चित्र यांच्यासमोर ठेवलं. चकचकीत गोळा आणि त्याला चार लांब मिशा.

"हा पहिला उपग्रह!" चंपतराव यांच्या उजव्या कानात ओरडले. उजव्यात थोडं शिल्लक आहे. "रशियानं सोडला! सत्तावन्न साली! असाच, एवढाच मोठा हवा, दोन फुटांचा!"

यांनी चित्र पुढेमागे करून पाहिलं. "पाणी किती मावते?"

"पाणी नाही हो, यंत्र होतं आत!"

"तोंड कुठी आहे?"

"तोंड नाही!"

"बूड?"

"बूडही नाही!"

"ना तोंड, ना बूड," हे हसायलाच लागले. "मंग भांडं उताणं पडलं का पालथं, थे कसं समजते मास्तर?"

तिकडे उताणं-पालथं काही नसतंच, वर-खालीच नसतं, असं चंपतरावांनी सांगितलं. ते ऐकून हे इतके खूश झाले की रात्री जेवताना मला तीनदा सांगितलं. वर-खाली नसतेच म्हणते वं तिकडं. मी म्हटलं, मग वरणभात ताटात कसा राहते? पण ते मी मनात म्हटलं. एवढ्याशा गोष्टीसाठी कोण ओरडणार.

खरं तर काम घ्यायच्या आधीच आम्ही थांबवायला हवं होतं. वर्षभरापासून हे बल्बवर रागावत होते. साठचा काढून शंभरचा लावला, तरी "आजकालच्या बल्बात दम नाही". मधुकर डोळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर मधुकरला बाजूला घेऊन म्हणाले, मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. ही आतली नस सुकत चालली आहे. गेलं ते परत येत नाही, आणि आहे तेही टिकेल असं नाही.

घरी येऊन मधुकर यांच्या कानात ओरडला, "थेंब टाका, बरं होईन!"

तेवढंच ओरडला. खोटं लहान असतं, एका दमात ओरडता येतं. खरं ओरडायचं म्हणजे शेजारच्या भिंतीला लागून बसलेले चारही कारागीर, त्यांच्या बायका, चुलीवरचं दूध, सगळ्यांनी ऐकायचं. बहिऱ्या माणसाशी खासगी असं काही बोलता येत नाही, हे ज्याच्या घरात बहिरं माणूस आहे त्यालाच ठाऊक. पाटीवर लिहावं तर अक्षरं म्हणजे त्यांना आता मुंग्या. आणि हातांच्या खुणा आमच्याकडे पुष्कळ आहेत, चला जेवायला, कोणी आलं, भट्टी विझली, लवकर या. "तुमचे डोळे गेले" याची खूण आमच्या ओळीत कोणी बसवलेली नाही.

तर यांनी गोळा घडवायला घेतला. दोन मोठ्या कढया ठोकायच्या आणि तोंडाला तोंड लावून डाख देऊन जोडायच्या, असा बेत. भांडं गोल आलं की नाही ते कारागिराला तीन ठिकाणांहून कळतं. डोळ्याला दिसतं, पत्रा जाड-पातळ झाला की हातोड्याचा आवाज बदलतो तो कानाला कळतो, आणि मांडीवर घेऊन तळवा फिरवला की हाताला. यांचे कान कधीच गेले, तेव्हापासून डोळ्यांनी कानांचंही काम केलं. आता सगळं हाताच्या भरवशावर. आणि दोन फुटांचा गोळा मांडीत मावेना.

तीन महिने ठोकला. त्यावर निकेलचं पाणी चढवून आणलं आणि अंगणात पोत्यावर ठेवला. चकाकत होता सुंदर. पण एका बाजूला बसका, दुसऱ्या बाजूला फुगलेला, सांधा नदीसारखा वाकडा. कोहळ्याला चांदीचा वर्ख लावल्यासारखा.

यांनी हवेत बोटानं वाटोळं काढून आम्हाला विचारलं. गोल?

सगळ्यांत आधी मान मीच हलवली. मग मधुकरनं, मग गोपिकानं. मग ओळीतले लोक आले, त्यांनीही. सगळे कारागीर. त्यांना दिसत होतं.

चंपतराव टेम्पो घेऊन आले, गोळ्याभोवती दोनदा फिरले आणि यांचे दोन्ही हात हातात धरून हलवले. गोळा घेऊन गेले. मागच्या आठवड्यात त्यांनी मधुकरला बोलावून घेतलं. म्हणाले, "टांगला तर मुलं हसतील हो. नाइलाजानं मुंबईहून फायबरचा मागवला. तुमच्या वडिलांचा जिन्याखाली जपून ठेवला आहे. त्यांना तुम्हीच सांगा. मला त्यांच्या कानात ओरडून हे सांगवणार नाही."

मधुकरनं मला सांगितलं. मी गोपिकाला. मग आम्ही तिघं त्या गोष्टीवर कोंबडी अंड्यांवर बसते तशी बसून राहिलो. शेवटी ठरलं काय, तर तिथे गेले की त्यांचं त्यांनाच कळेल. ज्याला दिसत नाही त्याला बघून कळेल, असं तीन शहाण्या माणसांनी ठरवलं.

हे एवढ्यावरच असतं तरी मी गप्प राहिले असते. एका माणसाचा एक गोळा, राहिला असता जिन्याखाली. पण मधे खाप्याचा कळस आला.

खाप्याला यांची मोठी बहीण असते, प्रयागबाई. तिथल्या मारुतीच्या देवळावर तांब्याचा कळस चढवायचा गावानं ठरवलं आणि सत्तर घरांनी आपापल्या घरातलं जुनं तांबं काढून दिलं. पाणी भरायचे गुंड, घागरी, तांबे, कोणाच्या आजीचं न्हाणीघरातलं घंगाळ. प्रयागबाईंनी आपल्या आईचा, म्हणजे माझ्या सासूचा, गुंड दिला. ती सगळी भांडी आमच्या अंगणात येऊन पडली होती. ती कापून, तापवून, ठोकून त्याचा कळस करायचा होता. एकदा कातर लागली की गुंड परत गुंड होत नाही. आणि कळस वाकडा झाला तर तो जिन्याखाली ठेवता येत नाही. गावात येणाऱ्याला नदीपलीकडून दिसतो.

यांनी आठ दिवस कातर लावली नव्हती. बहिणीला म्हणाले होते, "बाई, अगोदर माझा गोळा टांगलेला पाहू दे. तिथं लोकायच्या नजरेत उतरला तर कळसाले हात घालतो. नाही तर दुसरा माणूस पाहा." म्हणजे यांच्या मनात कुठेतरी शंका होती. त्यांनी विचारलं होतं आणि आम्ही खरं उत्तर दिलं नव्हतं.

म्हणून रविवारी सकाळी आम्ही पाच जण दालनाबाहेरच्या त्या रांगेत. प्रयागबाई शनिवारी रात्रीच आल्या होत्या, भावाचा गोळा पाहायला नवं लुगडं नेसून. त्यांना काहीच माहीत नव्हतं.

दारात चंपतराव होते, हातात दाखवायची काठी. यांना पाहून त्यांनी नमस्कार केला आणि मधुकरकडे पाहिलं. मधुकरनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर लिहिलं होतं, कृपया शांतता राखा.

आत ओळीनं चित्रं होती, खाली मोठ्या अक्षरांत माहिती. मी वाचत चालले. अक्षरं मी भांडी बांधायच्या रद्दीवरून शिकले, त्यामुळे कुठेही काही लिहिलेलं असलं की पाय थांबतात. पहिल्यालाच रशियातला एक दाढीवाला मास्तर होता. लहानपणीच तापानं त्याचे कान गेले, शाळा सुटली. घरी बसून पुस्तकं वाचून शिकला, आणि अग्निबाण आभाळात कसा जाईल त्याचं गणित त्यानं मांडलं. चित्र मोठं होतं. हे त्याला नाक लावून पाहत होते.

"हे काय गा याच्याजवळ? नरसाळं?"

मी उजव्या बाजूला गेले. "कर्णा आहे! कानाले लावाचा! बहिरा होता!"

सगळ्या दालनानं वळून पाहिलं. एका शाळेच्या पोरी आल्या होत्या, त्या खुदखुदल्या. यांना मात्र फार बरं वाटलं. "म्हणजे आपल्यातलाच दिसते," हे म्हणाले, बहिरी माणसं बोलतात तसं, अख्ख्या बंगल्याला ऐकू जाईल असं.

पुढे कुत्रीचं चित्र होतं. पहिला सजीव, पृथ्वीप्रदक्षिणा, वगैरे. प्रयागबाई तिच्यासमोरून हलेनात.

"मास्तर, ही गेली वरतं?"

"हो. पहिलीच."

"अन् आली कधी खाली?"

चंपतरावांनी काठी पुढच्या चित्राकडे नेली. "इकडे या, इकडे पहिला मानव..."

"माणसाचं राहू द्या जी. कुत्री आली का नाही?"

"तिच्यामुळे फार मोलाची माहिती मिळाली, बाई."

"म्हणजे नाही आली," प्रयागबाई म्हणाल्या. "मंग तसं लिहा न बाप्पा. एवढ्या मोठ्या अक्षरांत बाकीचं लिहिलं."

गोपिका माझ्याकडे पाहत होती. मी तिची नजर चुकवली. म्हातारीनं सहज म्हटलं होतं, पण मला माझ्याच घरातलं कोणीतरी बोलल्यासारखं लागलं.

मग आम्ही मोठ्या खोलीत आलो आणि मी ठरवलं, आता. आता यांना गोळा दिसणार नाही, हे विचारतील, आणि मधुकर सांगेल. मधुकरचं त्याच वेळी ठरलं असावं की आई सांगेल.

हे मधोमध उभे राहिले. मान वर केली. डोळे बारीक केले, मोठे केले, पुन्हा बारीक. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लग्न झाल्यापासून दोनदा-तीनदाच पाहिलं आहे.

"थो पाहा!" हे ओरडले. "बाई, थो पाहा, टांगला!"

वर, छताला, पातळ तारांनी मुंबईचा गोळा टांगला होता. चकचकीत. चार लांब मिशा. यांना तेवढंच दिसत होतं, एक उजेडाचा ठिपका. तो आपलाच, याविषयी त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं.

प्रयागबाईंनी पदर सावरून वर पाहिलं. त्यांचे डोळे सत्तरीतही घारीचे. "अगाई गं! रुपराव, तू केलं गा हे? सुपारीसारखा गोल आहे! कुठी सांधाच दिसत नाही!"

त्या बिचाऱ्या खरं बोलत होत्या. सांधा नव्हताच.

यांनी बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हवेत बोटानं वाटोळं काढलं. गोल?

गोल होता. मी काय करायचं होतं? मान हलली माझी.

मग हे चंपतरावांकडे वळले. "मास्तर, एक डाव खाली घेता का? हात लावून पाहतो. निकेल धरलं का नाही थे पाहतो."

मला वाटलं, देवा, घ्या खाली. हात लागला की एका क्षणात कळेल. हात अजून शाबूत आहेत. कोणाला काही बोलायला नको. पण चंपतराव घाबरून गेले. तारा दाखवू लागले, शिडी नाही अशी खूण करू लागले, दोन्ही हात जोडले. त्यांना वाटलं ते यांना वाचवत आहेत. हे मोठ्या मनानं म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. टांगलेलं काहून उतरवाचं."

इतक्यात त्या शाळेच्या बाईंनी विचारलं, काय झालं. हे त्यांच्याकडे वळून छातीला हात लावून म्हणाले, "हा गोळा मी बनवला. रुपराव. इतवारी." बाईंना फार कौतुक वाटलं. त्यांनी पोरींना सांगितलं, आजोबांसाठी टाळ्या वाजवा. तीस पोरींनी टाळ्या वाजवल्या. यांना आवाज आला नसेल, पण एवढे हात हलताना दिसले असावेत. हे हात जोडून वाकले. पोरींच्या मागे चंपतराव उभे होते; त्यांचेही हात टाळीसाठी वर आले आणि मधेच राहिले. मधुकर खिडकीपाशी जाऊन बाहेरची संत्र्याची गाडी पाहत होता.

गोपिका माझ्या शेजारी आली. यावेळी ती पुटपुटली नाही. तिनं फक्त माझा दंड धरला, घट्ट.

टाळ्या थांबल्या. प्रयागबाई भावाजवळ गेल्या, त्याच्या कोटाच्या बाहीवरचा एक धागा काढला, आणि त्याला दिसावं म्हणून दोन बोटांची कातर करून चालवली.

हे खळखळून हसले. "हो वं बाई! आता काय भेव! उद्या पहाटेच लावतो. आईच्या गुंडापासून सुरुवात."

"आईचाच पहिला घेजो," प्रयागबाई डोळे पुसत मला म्हणाल्या. "गुंड देताना मी तिले म्हटलं वं कौसल्या, तुह्या पोराच्या हातानं वर चढशीन."

मी मधुकरकडे पाहिलं. पाठ. चंपतरावांकडे पाहिलं. ते काठीचं टोक पुसत होते. घरी आमच्या ओळीत चार भिंती ऐकतील म्हणून मी सहा महिने गप्प राहिले, आणि आता समोर तीस पोरी, त्यांच्या बाई, रांगेतले लोक, कोणाची कोण माणसं, सगळी यांच्याकडे हसून पाहत उभी. याहून वाईट जागा नागपुरात शोधूनही सापडली नसती. पण उद्याची पहाट त्याहून वाईट होती.

मी यांची बाही धरली. यांनी सवयीनं मान वाकवून उजवा कान माझ्यासमोर केला. तोंडावर हसू तसंच.

"सांग," हे म्हणाले. मी कौतुकच करणार असं त्यांना वाटलं होतं.

हे कान तसाच पुढे धरून वाट पाहत होते. मग मी पोटातून दम घेतला.

"थो तुमचा गोळा नाही!" मी ओरडले. "तुमचा त्यायनं टांगलाच नाही! जिन्याखाली ठेवला! गोल नाही झाला जी थो! तुमाले दिसत नाही आता, अन् थेंबानं येणार नाही, आमी खोटं सांगतलं तुमाले!"